छप्पन्न साल आणि एका थेंबाचे ऋण
(पश्चिम भारतातील सिकलसेल रोगाच्या शोधाचा इतिहास)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, ते आम्हांला जीवशास्त्र शिकवीत. आनुवंशिकतेचा पाठ सुरू झाला की ते फळ्यावर एक मोठा चौकोन काढीत, त्याचे चार भाग करीत आणि वाटाण्याच्या उंच-बुटक्या रोपांची अक्षरे त्यांत मांडीत. आम्ही ती आकृती पाठ केली, परीक्षेत काढली, गुण मिळवले आणि विसरून गेलो. त्या चार घरांत माणसेही राहतात, आणि त्यांतील एका घरात जन्मभराची वेदना राहते, हे कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली. आजचे व्याख्यान त्या विसरलेल्या चौकोनाविषयी आहे.

विषय गुणसूत्रे आणि रोग यांचा असला तरी मी तो वैद्यकाच्या अंगाने मांडणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. इतिहासाच्या अंगाने मांडणार आहे. आपल्या या तापीकाठच्या मुलखात एक रोग पिढ्यान् पिढ्या होता, तो केव्हा ओळखला गेला, कोणी ओळखला, आणि ओळखल्यानंतर ज्यांचा तो रोग होता त्यांच्यापर्यंत ती ओळख पोहोचायला किती काळ लागला, एवढाच माझा प्रश्न आहे.

एका वर्षातील तीन घटना

इसवी सन १९५६ हे वर्ष आपल्या स्मरणात राजकीय कारणांनी राहिले आहे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला मोठे द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. सुरत जिल्हा त्यापूर्वीही मुंबई राज्यातच होता आणि १ मे १९६० पर्यंत तेथेच राहिला. म्हणजे मी ज्या काळाविषयी बोलत आहे, त्या काळी सुरतेची राजधानी मुंबई होती. येथील कागद तिकडे जात आणि तिकडील माणसे इकडे येत.

याच वर्षी विज्ञानाच्या जगात तीन गोष्टी घडल्या. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या.

पहिली स्वीडनमधील लुंड येथील. मानवी पेशीत गुणसूत्रे किती, या साध्या प्रश्नाचे उत्तर तोवर जगाने चुकीचे धरले होते. १९२३ साली टेक्सासच्या टी. एस. पेंटर यांनी ती अठ्ठेचाळीस मोजली. त्या वेळच्या काचपट्ट्यांत गुणसूत्रे एकमेकांवर पडलेली असत. पेंटर स्वतः शेचाळीस की अठ्ठेचाळीस या संभ्रमात होते. पण एकदा आकडा छापला गेला आणि तीस वर्षे तो छापला जातच राहिला. जावा बेटात जन्मलेले ज्यो हिन त्यो आणि त्यांचे सहकारी आल्बर्ट लेव्हान यांनी पेशी सौम्य द्रावणात फुगवून गुणसूत्रे सुटी केली आणि डिसेंबर १९५५ मध्ये ती शेचाळीसच भरली. जानेवारी १९५६ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी, १९५९ साली, पॅरिसमध्ये झेरोम लझन, मार्त गोतिए आणि रेमों त्युर्पँ यांनी दाखवले की, डाउन संलक्षण असलेल्या मुलांत एक गुणसूत्र जास्त असते. मोजणीच चुकली असती, तर जास्त काय आणि कमी काय हे कधीच कळले नसते.

दुसरी घटना केंब्रिजची. व्हर्नन इन्ग्राम यांनी सिकलसेल रोग्याचे हीमोग्लोबिन आणि निरोगी माणसाचे हीमोग्लोबिन यांचे तुकडे करून कागदावर शेजारी शेजारी पसरवले. बाकी सर्व ठिपके जुळले. एक जुळला नाही. पुढच्या वर्षी फरक नेमका सापडला: हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ कड्या असतात, त्यांतील सहाव्या कडीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आले होते. ही साखळी घडवणारे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते, हे पुढे सिद्ध झाले. शेचाळीस गुणसूत्रांच्या एवढ्या अफाट लिपीत एक अक्षर बदलते आणि माणसाचा रक्तकण वाटोळेपणा सोडून विळ्यासारखा वाकडा होतो.

तिसरी घटना आपली. बंगळूरहून निघणाऱ्या 'करंट सायन्स' या नियतकालिकात पी. के. सुकुमारन, एल. डी. संघवी आणि जी. एन. व्यास यांचे एक छोटे टिपण त्याच वर्षी आले. पश्चिम भारतातील काही आदिवासी जमातींत सिकलसेलचा गुण आढळतो, असे त्यात म्हटले होते.

विळा कोठून आला

या रोगाची पहिली लेखी नोंद १९१० सालची, शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांची. ग्रेनेडा बेटातून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात त्यांना लांबट, विळ्याच्या आकाराचे कण दिसले. १९४९ साली जेम्स नील यांनी आनुवंशिकतेचा उलगडा केला: एका पालकाकडून दोषी जनुक आले तर माणूस केवळ वाहक, दोघांकडून आले तर रोगी. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, या रोगात हीमोग्लोबिनचा रेणूच निराळा असतो. रेणूचा रोग ही कल्पना वैद्यकात प्रथम अशी आली.

तोवर हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा रोग अशीच समजूत होती. १९५२ साली हर्मन लेहमान आणि मारी कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत हा गुण दाखवला. मग मुंबईचे टिपण आले. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. विदर्भात हा गुण केवळ जंगलातील जमातींपुरता नाही, अनुसूचित जातींतही मोठ्या प्रमाणावर आहे, हे हळूहळू स्पष्ट झाले.

इतका त्रासदायक गुण निसर्गाने टिकवला कसा? याचे उत्तर १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी दिले. ज्याच्याकडे एकच जनुक आहे, त्या वाहकाला घातक जातीच्या मलेरियापासून पुष्कळ संरक्षण मिळते. जेथे हिवताप पिढ्यान् पिढ्या मुले नेत होता, तेथे वाहक जगले, त्यांची संतती वाढली. डांग, व्यारा, सोनगड, मांडवी, धरमपूर, नवापूर या साऱ्या हिवतापी जंगलपट्ट्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे गणित समजेल. एका भावंडाचे हिवतापापासून रक्षण आणि दुसऱ्याच्या हाडांत कळा असा हा व्यवहार होता. जंगलात राहण्याची किंमत या लोकांनी रक्ताने मोजली, असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही.

१९८६ साली ओडिशातील रोग्यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. भारतातील हे जनुक आफ्रिकेतून आलेल्या प्रकाराहून वेगळ्या पार्श्वभूमीवर बसलेले आहे. पूर्व अरबस्तानातील लोकांशी ते जुळते. या प्रकारात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन मोठेपणीही बरेच शिल्लक राहते आणि ते रोगाची धार काहीशी बोथट करते. त्यामुळे आपल्याकडचा सिकलसेल सौम्य, असा एक समज पसरला. तो अर्धाच खरा आहे. काही रोगी खरोखर सुसह्य आयुष्य जगतात. काहींना लहानपणापासून सांध्यांच्या कळा, कावीळ, वारंवार संसर्ग आणि तरुणपणी खुब्याचे हाड झिजणे हे सारे सोसावे लागते. सरासरी सौम्य आहे, म्हणून एखाद्या मुलाची वेदना सौम्य होत नाही.

मुंबईचे रक्त

येथे थोडे मागे जाऊन मुंबईच्या प्रयोगशाळांकडे पाहावे लागेल. कारण सुकुमारन, संघवी, व्यास यांचे काम अधांतरी उगवले नव्हते. परळ भागात त्या काळी रक्ताच्या अभ्यासाची एक परंपराच उभी राहत होती. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे डॉ. व्ही. आर. खानोलकर आणि संघवी यांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांच्या आनुवंशिक गुणांचा अभ्यास केला होता. जातीच्या आत लग्ने करणारा समाज म्हणजे आनुवंशिकतेच्या अभ्यासकाला आयती मिळालेली प्रयोगशाळा, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याला जी जात जन्माने मिळाली ती त्यांच्या दृष्टीने जनुकांची बंद पेटी होती.

१९५२ साली परळच्याच वैद्यकीय वर्तुळातील वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना तीन व्यक्तींचे रक्त असे आढळले की, ते वरवर 'ओ' गटाचे भासे, पण 'ओ' गटाचे रक्तही त्याला चालेना. लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी ते 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले, आणि जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत 'बॉम्बे रक्तगट' हे नाव कायमचे नोंदले गेले. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे बदलले नाही. 'ए' आणि 'बी' ज्या पायावर उभे राहतात तो 'एच' नावाचा पायाच या लोकांच्या रक्तकणांवर नसतो. त्याचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले. बॉम्बे गटाचा माणूस रोगी नाही. तो धडधाकट असतो, म्हातारा होतो, नातवंडे खेळवतो. त्याला धोका एकाच क्षणी असतो: अपघातात रक्त हवे असेल आणि त्याचा गट कोणाला ठाऊक नसेल तेव्हा. म्हणजे धोका त्याच्या जनुकात नाही, आपल्या अज्ञानात आहे. सिकलसेलच्या वाहकाविषयीही जवळपास हेच म्हणता येईल. तो रोगी नसतो. त्याचे जनुक त्याला आजारी करीत नाही. प्रश्न येतो तो दोन वाहकांचे लग्न होते आणि दोघांनाही आपण वाहक असल्याचे ठाऊक नसते तेव्हा.

सरांचा चौकोन येथे उपयोगी पडतो. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या बाबतीत चारांत एक शक्यता रोगी मुलाची, दोन वाहकाची, एक पूर्ण मुक्त मुलाची. यात 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिले मूल रोगी निघाले, आता पुढची तीन सुटली, असा हिशेब पुष्कळजण मांडतात. निसर्ग असा पाळीपाळीने चालत नाही. प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडते.

पन्नास वर्षांचे अंतर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १९५६ साली टिपण आले. १९६२ साली व्यास, भाटिया, सुकुमारन, बालकृष्णन आणि संघवी यांनी गुजरातच्या काही आदिवासी जमातींचे रक्तगट आणि हीमोग्लोबिन यांचा विस्तृत अभ्यास अमेरिकेच्या मानववंशशास्त्रविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. शास्त्र म्हणून ते काम उत्तम होते. कोठल्याही सुखसोयी नसताना गावोगाव फिरून नमुने गोळा करणे, ते नासू न देता मुंबईला पोहोचवणे हे सोपे नव्हते. त्या संशोधकांविषयी मनात आदरच आहे.

पण ज्यांच्या बोटातून वा दंडातून तो थेंब घेतला गेला, त्यांच्या बाजूने पाहा. त्या निबंधांत जमातींची नावे आली, शेकडेवारी आली. ज्या आईच्या मुलाच्या हातापायांना सूज येई, तिच्यासाठी त्यांत काही नव्हते. मूल जन्मल्यावर पाचसहा महिने चांगले असते, कारण तोवर गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन त्याला सांभाळते. मग बोटे सुजू लागतात. अशा वेळी आई कोणाची दृष्ट लागली म्हणेल, भगताकडे जाईल, तर तिला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. दवाखान्यातही बहुधा संधिवात, कावीळ, अशक्तपणा अशी वेगवेगळी नावे तिला मिळत. आणि मोठ्या शेतावरचा मजूर वरचेवर अंग दुखते म्हणून बसून राहिला, तर त्याच्या दुखण्याला आळस हे नाव होतेच.

सरकारी पातळीवर आदिवासी भागांत सिकलसेल नियंत्रणाचा सर्वंकष कार्यक्रम गुजरातने हाती घेतला तो २००६ साली. १९५६ ते २००६! शोध आणि सेवा यांमध्ये बरोबर पन्नास वर्षे गेली. त्या पन्नास वर्षांत दोन पिढ्या जन्मल्या.

या अंतराला कोणी एक दोषी नाही, हे मी मान्य करतो. १९५६ साली निदान झाले असते तरी हातात औषध फारसे नव्हते. लहान मुलांना नियमित पेनिसिलिन दिल्याने मृत्यू टळतात हे १९८६ साली सिद्ध झाले. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळांचे झटके कमी होतात हे १९९५ साली. तरीही दोन गोष्टी तेव्हाही करता आल्या असत्या: रोगाला त्याचे नाव सांगणे, आणि लग्नाआधी तपासणीची सोय करणे.

गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. १९८६ साली तेथे गेल्यावर त्यांनी आरंभी सिकलसेलचाच अभ्यास केला. पुढे डॉ. अभय बंग यांनी मोकळेपणाने सांगितले की, तो प्रश्न संशोधकाच्या कुतूहलाचा होता, लोकांनी मागितलेला नव्हता. लोकांना आधी काय हवे हे विचारायला त्यानंतर ते शिकले. स्वतःच्या चांगल्या कामाविषयी असे बोलायला धैर्य लागते.

तापीच्या खोऱ्यात

दक्षिण गुजरातेत हे अंतर बुजवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात वलसाड रक्तदान केंद्राला आणि तेथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. यझदी इटालिया यांना द्यावे लागेल. सरकारी कार्यक्रम येण्याच्या पुष्कळ आधीपासून ते या जमातींमध्ये वावरत होते. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पद्धत साधी होती. एका नळीतील द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसल्या तर बहुधा निर्धोक, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर विळ्याचे हीमोग्लोबिन आहे. मग पक्क्या निदानासाठी पुढची यांत्रिक तपासणी. पहिली पायरी खेड्यातल्या आरोग्य केंद्रात, शाळेच्या ओसरीवर, कोठेही चालते. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेतील डॉ. रोशन कोला यांच्यासारख्या अभ्यासकांच्या सहकार्याने दक्षिण गुजरातेत नवजात बालकांच्या तपासणीचाही प्रयोग झाला आणि त्याचा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. परळ आणि तापीखोरे यांचे जुने नाते अशा रीतीने फिरून जुळले. या वेळी अहवाल मात्र आईच्या हातात पडला.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने रोग्याच्याच पेशींतील जनुकात कात्रीसारखा बदल करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती. विज्ञान तेथवर पोहोचले आहे; सोनगडच्या बाजारातून घरी निघालेली आई तेथवर कशी पोहोचेल, हा पुढच्या पिढीचा प्रश्न आहे.

आपला संबंध

कोणी म्हणेल, हा आदिवासींचा प्रश्न; सुरतेतील मराठी शाळेच्या सभागृहात त्याचे काय? मित्रहो, आपल्यापैकी अनेकांची घरे धुळे, नंदुरबार, जळगाव येथून सुरत-भुसावळ मार्गाने या शहरात आली. त्या मार्गावर नवापूरचे स्थानक आहे: अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. एकाच फलाटावर चार पावले टाकली की राज्य बदलते. इकडे गामित, तिकडे गावित. इकडचे आणि तिकडचे भिल्ल, कोकणा हे एकमेकांचे सोयरे आहेत. रक्ताला सरहद्द ठाऊक नाही. लिंबायत-उधन्याच्या मागांवर आणि इमारतींच्या कामांवर जे हात राबतात, त्यांत त्या खोऱ्यातले हात पुष्कळ आहेत. तपासणीचे कार्ड गावाकडच्या आरोग्य केंद्रात आणि माणूस सुरतेच्या झोपडीत, असे झाले तर कार्डाचा उपयोग काय?

१९९४ च्या सप्टेंबरात या शहराने प्लेगचे भय पाहिले. लाखो लोक मिळेल त्या गाडीने पळाले. त्या रोगाने आलेल्या धक्क्यातून शहर स्वच्छ झाले, कारण भय सर्वांना होते. सिकलसेलचे भय सर्वांना नाही. तो शेजाऱ्याला लागत नाही, म्हणून शेजारी जागा होत नाही. भयाने जे काम तेव्हा केले, ते येथे ज्ञानाला आणि आस्थेलाच करावे लागेल.

शेवटी एक इशारा. खानोलकर आणि संघवी यांचा तो जुना निबंध ज्या नियतकालिकात आला, त्याच्या नावात 'युजेनिक्स' म्हणजे सुप्रजनन हा शब्द होता. त्या शब्दाच्या आडून युरोपात काय घडले हे पाहून १९५४ साली त्या नियतकालिकाने ते नाव टाकले आणि 'मानवी आनुवंशिकी' हे नाव घेतले. आपणही सावध राहिले पाहिजे. तपासणीचे कार्ड हा माणसाच्या कपाळावरचा डाग होता कामा नये. वाहक मुलीचे लग्न मोडण्यासाठी, वाहक मुलाला नोकरीत नाकारण्यासाठी ते वापरले गेले, तर पन्नास वर्षांचे अज्ञान बरे होते असे म्हणण्याची पाळी येईल. वाहकाने लग्न करू नये असे शास्त्र सांगत नाही. दोघांनी आपापले कार्ड आधी पाहावे, आणि दोघेही वाहक असतील तर पुढचा निर्णय समजून उमजून, वैद्यकीय सल्ल्याने, स्वतः घ्यावा, एवढेच ते सांगते. आणि ही चौकशी फक्त मुलीची होऊ नये. जनुक दोघांकडून येते.

या शाळेतील शिक्षकांना माझी एक विनंती आहे. नववी-दहावीच्या वर्गात आनुवंशिकतेचा चौकोन काढाल, तेव्हा वाटाण्याच्या शेजारी आणखी एक चौकोन काढा. त्यात या मुलखातल्या रक्ताची अक्षरे मांडा. वर्गातल्या कोणा मुलाच्या घरी सुजलेली बोटे आणि रात्रीचे कण्हणे असेल. त्याला त्या दिवशी कळेल की हा शाप नाही, कोणाचे पाप नाही, आईचा दोष तर नाहीच. अकराव्या गुणसूत्रावरचे एक अक्षर आहे.

सर असते तर त्यांनी तो चौकोन फळ्याच्या एका कोपऱ्यात काढून, शेजारी 'पुसू नये' असे लिहून ठेवले असते.